साहेब येणार म्हणून सारवलेली भिंत

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. माझं लग्न नवंच होतं. तेव्हा आमच्या नगरपालिकेनं जुन्या वस्तीतल्या घरांना दुरुस्तीसाठी मदत द्यायचं ठरवलं. टिनपत्रे, लाकडी बल्ल्या आणि गवंड्याची मजुरी. अट एकच, ओव्हरसियरनं येऊन पडझड डोळ्यांनी पाहायची. आमचं घर मातीचं, धाब्याचं. मागच्या खोलीच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली होती, हात जाईल एवढी.

त्या खोलीवर सगळं अडलं होतं. नणंदेला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण पिंपळगाव राजाहून तिचे सासरे येऊन भेग पाहून गेले आणि तोंडावर सांगून गेले, आधी भिंत करा, मग आमची सून न्या. त्यांचंही चुकलं नाही. माझ्या सासूबाई, आम्ही आत्याबाई म्हणायचो, माझ्या सासऱ्यांच्या मागे लागल्या आणि अर्ज करवून घेतला. ओव्हरसियर उद्या येणार असं कळलं, तशा त्या लेकीला सांगायला एसटीनं पिंपळगावला गेल्या. घर माझ्यावर सोपवून.

मी धाड गावची. आमच्याकडे मोठं माणूस येणार म्हटलं की बाई आधी घर सारवते. साहेब भेगच पाहायला येणार हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, चांगलं ठाऊक होतं. पण आल्या माणसाला फाटकी भिंत दाखवायची हे डोक्यातच शिरलं नाही. सासू घरी नाही आणि सून गबाळी निघाली, असं वस्तीनं म्हणू नये, एवढंच. माती-भुसा कालवून भेग बुजवली, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. उन्हाळ्याचे दिवस, सकाळपर्यंत खडखडीत वाळलं. इतकं झकास काम झालं की माझी मीच पाहत राहिले. घ्या! अशी मी हुशार.

सासरे रात्री अंगणात झोपलेले, त्यांना पत्ताच नाही. साहेबांना घेऊन ते थेट मागच्या खोलीत गेले आणि थबकले. मग भिंतीवर तळहात फिरवत भेग शोधू लागले. खरवडून दाखवतो म्हणाले. साहेब वाईट नव्हता. घर फार नीटनेटकं ठेवलं म्हणाला, मी दिसतं तेच लिहितो म्हणाला, आणि लिहिलं, घर राहण्याजोगं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. मी पदर सावरून त्याला चहा दिला.

तो गेल्यावर सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुनं सारवली काय?" मी हो म्हटलं.

नणंद पिंपळगावलाच राहिली. तिथंच बाळंत झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तान्ही पोरगीही राहिली नाही. निरोप मिळून आत्याबाई तिथं पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोली असती तर ती वाचली असती, असं कुणी म्हणू शकत नाही. मीही म्हणत नाही. पण आई जवळ असती. मला रडू आलं नाही. भाकरी थापल्या, भांडी घासली, दिवस गेले. आत्याबाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावायला पाहिजे होता. त्या गप्प राहण्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा ओव्हरसियर आला. पोतारा मी आधीच खरवडून टाकला होता. मदत मिळाली, भिंत उभी राहिली, वर टिनं चढली. तोवर मला सातवा लागला होता. रीतीप्रमाणे माझी आई मला न्यायला धाडहून आली. मी पिशवी भरली. आत्याबाई दारात उभ्या राहिल्या.

"नेऊ नका तिले," त्या आईला म्हणाल्या. "मले एक तरी बाळंतपण करू द्या."

आई माझ्याकडे पाहत राहिली. मी पिशवी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवली.