बोटीचा नंबर

आबांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या नेरुळच्या सोसायटीत ते टपाल टाकायचे, तेव्हापासून त्यांच्यासाठी मी ‘तीनशे दोन’. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते ओरडायचे, “तीनशे दोन, रजिस्टर हाय, सही कराया या!” एकशे चारची मुलगी दहावी झाली, दोनशे एक आणि दोनशे तीनचं भांडण मिटलं, अशा बातम्याही ते याच भाषेत पुरवायचे. एकदा मी चिडून म्हटलं, “आबा, मला नाव आहे.” तर म्हणाले, “नावं धा जनींची एकच असतान. नंबर चुकत नाय.”

माझा भाऊ तेव्हा इंग्लंडात होता. त्याच्या एका पाकिटावर बोटीचं चित्र असलेलं पोस्टाचं तिकीट आलं. डब्यासारखी चौकोनी बोट, तिचं पुढचं तोंड दरवाजासारखं पाण्यात पडलेलं आणि त्यातून बंदुका उंच धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरणारे शिपाई. महायुद्धात फौज किनाऱ्यावर नेणारी बोट होती ती. एरवी एक पायरी न चढणारे आबा त्या दिवशी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आले. पाकीट माझ्या हाती देण्याआधी त्यांनी ते नाकाशी धरून पाहिलं. “तीनशे दोन, पत्र वाचून झालं की ह्ये तिकीट मना द्याल?”

आमची ओळख अशी सुरू झाली. पुढे भावाला सांगून मी अशी तिकिटं मागवू लागले आणि रविवारी करावे गावात त्यांच्या घरी नेऊन देऊ लागले. आबा पाकिटाचा कोपरा कापून बशीतल्या पाण्यात टाकत, तिकीट आपसूक सुटेपर्यंत वाट बघत आणि चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालत. मी बोट लावायला गेले की सरळ हातावर फटका बसे. ना राजाराण्या, ना फुलं, ना पक्षी. वहीत सगळ्या त्याच एका जातीच्या बोटी. तिकिटं जमवणारा एक माणूस त्यांना म्हणाला होता की असल्या संग्रहाला काही मोल नाही. “त्याला कोन इकतंय?” आबा म्हणाले.

याच बोटी का, ते त्यांनी मला तिसऱ्या का चौथ्या रविवारी सांगितलं. ट्रंकेतून एक पत्र काढलं. त्यांचे वडील खाडीत मिठाचे मचवे चालवायचे. लढाईत असल्या बोटींवर माणसं हवी होती, म्हणून ते भरती झाले आणि बर्म्याकडे गेले. “सपाट बुडाची बोट. चिखलात घालायची न् परत काडायची. तिला खाडीवालाच पायजेल,” हे आबा असं सांगायचे की जणू स्वतःच सुकाणू धरलंय. आबा तेव्हा आईच्या पोटात होते. वडिलांचं एकच पत्र आलं, आणि मग बोटीसकट बेपत्ता असल्याचा कागद.

पत्रात लिहिलं होतं, ‘आमचे बोटीचा नंबर’, आणि पुढे भोक. लढाईतली माहिती फुटू नये म्हणून लष्कराच्या तपासनिसाने नंबर पात्याने कापून काढला होता. मी पत्र उलटलं. मागे ओळ होती, ‘मुलगा झाला तर त्याचे नाव’. पुढे तेच भोक. तपासनिसाने मागची बाजू पाहिलीच नसणार. आबांना गावाने जे नाव ठेवलं त्यावर त्यांचा पगार झाला, लग्न झालं, रेशनकार्ड झालं. बापाने ठेवलेलं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

“नाव कुटं गावनार?” आबा म्हणाले. “नंबर तरी गावंल.” बापाच्या अक्षरावरून त्यांनी माप काढलं होतं, भोकात बरोबर तीन आकडे बसत होते. म्हणून भिंगाखाली तीन आकड्यांची बोट शोधायची. मी म्हटलं, “आबा, सापडली तरी ती हीच हे कसं ओळखणार?” त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. “माहीत हाय मना. पन गावंल तवर बगायचा.” आणि एकदा, वही मिटताना म्हणाले, “सगली उतरतानच दिसतान. मानसं परत बोटीत चडतान असा एकपन तिकीट नाय.”

मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही. भिंग माझ्या हाती आलं. मी बघायची आणि “नाही” म्हणायची, दर रविवारी. गेल्या वर्षी एक तिकीट आलं, त्यावरही नंबर नव्हता. आबा पत्र मांडीवर घेऊन, भोकावर बोट फिरवत बसले होते. मला पुन्हा ‘नाही’ म्हणवेना.

“आहे,” मी म्हणाले.

“तीन आकडं?”

“तीन.”

“वाचा.”

पुढचा विचार मी केलाच नव्हता. तोंडून निघालं, “तीनशे दोन.”

मी जीभ चावली. तीस वर्षं ज्यांनी मला त्या आकड्याने हाक मारली, त्यांना मी तोच आकडा वाचून दाखवला होता. आबांचं बोट भोकावर थांबलं. ते म्हणाले, “बरं झालं. आता तिकिटं नका आनू.” त्यांनी ओळखलं होतं, यात मला आजही शंका नाही. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांची सून चहा घेऊन आली आणि मी कप उचलला. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या महिन्यात आबा गेले. बाराव्यानंतर सून वही घेऊन माझ्याकडे आली. “तीनशे दोनला द्या, बोलले होते,” ती म्हणाली. शेवटच्या पानात ते पत्र होतं. पोस्टातल्या तिकिटांच्या पानाची डिंक लावलेली पांढरी कडा जिभेने ओली करून आबांनी नंबराच्या बाजूने भोकावर चिकटवली होती. तिच्यावर आंधळ्या हाताने, एक आकडा वर, एक खाली, असं लिहिलं होतं : ३०२.

मी पत्र उलटलं. ‘मुलगा झाला तर त्याचे नाव’. पुढे भोकातून कोरा कागद दिसत होता.