केळीचे पाटील, खेळाचे पाटील

आता काय सांगू तुम्हाला! या वयात माणसाच्या हातून चूक होते, ती चहात साखरेऐवजी मीठ पडण्याएवढी. माझ्या हातून झाली ती अशी की एका भल्या माणसाला माझ्या बागेतून पळून जावं लागलं. चहा घ्या, मग ऐका. माझी सून हे लिहून घेते आहे आणि आत्तापासूनच हसते आहे.

आटपाट गाव होतं, यावलच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला. तिथे एक म्हातारी राहत होती. तिची एक नात होती, अठरा वर्षांची, हर्षाली नावाची. म्हातारीची एक केळीची बाग होती. आणि त्या बागेच्या आणि त्या नातीच्या नशिबात दोन पाटील होते.

म्हातारी म्हणजे मीच. माझं माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे राग आला की तोंडात अहिराणी येते, ते सांभाळून घ्या.

पहिले पाटील केळीचे. बाग तयार झाली की हे व्यापारी पाठवतात, माल पसंत पडला की गाडी लावतात. दुसरे पाटील खेळाचे. शाळेतले सर. ते मुलींना बेसबॉल शिकवतात. मला विचाराल तर बेसबॉल म्हणजे एक पोरगी चेंडू फेकते, दुसरी तो दांडक्यानं बडवते आणि बाकीच्या बठ्ठ्या पळतात. पण त्यात फेकणारीला फार मान असतो. आणि आमची हर्षू फेकणारी!

ती फेकायला कुठे शिकली म्हणता? बागेत. वानरं यायची ना केळीवर, ती हाकलायला. मी दांडा घेऊन ओरडायची, आणि ही आठ वर्षांची पोर शांतपणे एक ढेकूळ उचलायची. वानराला लागू द्यायची नाही हं! वानर ज्या पानावर बसलंय, त्याच्या शेजारचं पान फाडायची. वानर एकदा पानाकडे बघायचं, एकदा हिच्याकडे, आणि निघून जायचं. एक दिवस पाटील सर बांधावरून मोटारसायकलीवर चालले होते. गाडी थांबवून म्हणाले, "आजी, ते ढेकूळ कुणी मारलं?" मला वाटलं, त्यांना लागलं. मी म्हटलं, "मी मारलं." सर माझ्या हाताकडे बघत राहिले, मग हर्षूकडे बघून हसले. तिथून तिचा खेळ सुरू झाला.

दहा वर्षं ती फेकते आहे. दोन ओळींच्या मधल्या वाटेत एक गोणपाट टांगलंय, त्यावर. पहाटे उठून, थंडी असो की ऊन.

या वर्षी सर घरी आले आणि म्हणाले, आता मुलींचे पगारी संघ निघालेत. एके दिवशी सगळे संघवाले बसतात आणि आळीपाळीनं एकेका मुलीचं नाव उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी त्यांची माणसं गावोगाव फिरून मुली बघतात. त्या माणसानं वहीत नाव लिहिलं तरच मुलगी यादीत. आपल्या भागात एकच माणूस येणार, आणि एकदाच येणार. त्या दिवसापासून हर्षूचं जेवण निम्मं झालं. भाकरी मोडायची आणि ताटाकडे बघत बसायची. मी विचारलं, "नाही लिहिलं नाव तर?" म्हणाली, "तर काही नाही आजी. ढेकळं मारीन." हसून म्हणाली, पण मला काही ते हसू खरं वाटलं नाही.

आता ऐका चूक.

मुलगा आणि सून चोपड्याला लग्नाला गेलेले. घरात मी आणि हर्षू. ती विहिरीवर. फोन वाजला. आमच्याकडे फोनला रेंज अशी, की निम्मं बोलणं वारा खातो.

"आजी, पाटील बोलतोय. उद्या सकाळी पुण्याहून साहेब येताहेत. खेळ बघायला."

मी काय ऐकलं? 'केळं बघायला!'

"या म्हणावं," मी म्हटलं. "तयार आहे."

"पसंत पडली तर लगेच उचलतील. आणि आजी, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

आता तुम्हीच सांगा. पसंत पडली, उचलतील, दुसऱ्याला शब्द देऊ नका! यात केळीच्या बाहेरचं एक तरी अक्षर आहे का? आणि बागही 'ती', पोरगीही 'ती'. आपल्या भाषेनंच माझा घात केला बघा.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच हर्षूला सांगितलं, "आज वाटेत चेंडू फेकायचा नाही. व्यापारी येणार आहे. एखादा घडाला लागला तर डाग पडतो. तू पलीकडच्या टोकाला जा, वानरं बघ." पोर बिचारी चेंडू खिशात घालून गेली. म्हणजे बघा, ज्या माणसाची ती महिनाभर वाट बघत होती, तो यायच्या वेळी मीच तिला वानरांकडे पाठवलं!

साहेब आले. पांढरी टोपी, उन्हात लाल झालेलं तोंड, बगलेत वही, आणि हातात केस वाळवायच्या यंत्रासारखी एक बंदूक. मला वाटलं, आता लांबूनच घडाचं वजन करायचं यंत्र निघालं असेल. काय सांगावं, फवारणीला तर विमानं आली आहेत.

"नमस्कार आजी. कुठे आहे ती?"

"ही काय, समोर!" मी बागेकडे हात केला. "डोळे भरून बघा."

त्यांनी डोळे बारीक करून बागेत बघितलं. मग वही उघडली.

"बरं, आधी थोडी माहिती घेतो. वय नक्की किती?"

"अकरा पुरे झाले, बारावा लागला."

साहेबांचं पेन थांबलं. "मला तर पाटलांनी अठरा सांगितलं."

"अठरा? ते पाटील वाढवूनच सांगतात हो! अठरा झाले असते तर कामातून नसती का गेली? तुम्ही कागदावर जाऊ नका, माझ्यावर विश्वास ठेवा."

महिने, बरं का! मी महिने सांगत होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

"खाणंपिणं कसं असतं?"

"पाणी वेळच्या वेळी. आणि त्या पाण्यातूनच पावडर सोडते."

"पावडर? कसली?"

"नाव कुणाला माहीत! पांढरी असते. दुकानदार पुडी बांधून देतो. त्याच्याशिवाय अंग भरत नाही."

"आणि हे... तिला माहीत आहे?"

मी म्हटलं, पुण्याची माणसं फारच हळवी! केळीला कशाला माहीत पाहिजे? "तिला काय कळतंय!" मी म्हटलं. "आणि मी एकटीच देते असं नाही. आमच्या शिवारात बठ्ठेच देतात."

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. आता तुम्ही म्हणाल, त्या माणसाला समजलं कसं नाही? अहो, तो पोरगी बघायला आलेला. त्याच्या डोक्यात पोरगीच! जशी माझ्या डोक्यात केळी.

तेवढ्यात त्यांच्या पायाशी एक जुना चेंडू दिसला. शिवण उसवलेला. त्यांनी तो लगेच उचलला, आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा उजेड आला.

"हा तिचा?"

मला वाटलं, याला डागांचा संशय आला! मी चेंडू त्यांच्या हातातून हिसकावला आणि लुगड्याच्या ओच्यात घातला.

"छे छे! शेजारच्यांचा. आमच्याकडे चेंडूला कोणी हात लावत नाही. देवाशपथ!"

उजेड गेला. साहेबांनी वही मिटली.

"आजी, मला वाटतं काहीतरी गैरसमज झालाय. मी निघतो."

निघतो? भाव न करता? बागेत पाऊलही न टाकता? माझं डोकं फिरलं. व्यापारी असा अर्ध्यातून जातो म्हणजे भाव पाडायचा डाव असतो, पन्नास वर्षांत हे मी शिकले आहे. मीही ठेवणीतला डाव टाकला.

"जा! खुशाल जा! पण ऐकून ठेवा. तुम्ही नाही उचलली, तर सोमवारी मी कापून टाकीन!"

साहेब पळाले हो!

धावतच फाटकाकडे निघाले. टोपी पडली, उचलायला थांबले नाहीत. मी मागून ओरडते आहे, "कोठे चालनात? माल चांगला शे! बठ्ठा चांगला शे!" आणि ते आणखी जोरात पळताहेत. माझ्या पायांत तेवढं बळ कुठलं? मी पलीकडच्या टोकाला बघून बोंब ठोकली, "हर्षू! आडव त्याले!"

हर्षू उभी होती पार पाण्याच्या टाकीपाशी. तिथून फाटक म्हणजे, मला चालायला एक अख्खी आरती म्हणून होते. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पळणाऱ्या माणसाकडे. वानराकडे बघायची ना, अगदी तशी. खिशातून चेंडू काढला. पाऊल टाकलं. मला हात दिसलाच नाही. केळीच्या पानांवरून काहीतरी सुं करत गेलं, आणि फाटकाचा पत्रा असा वाजला, असा वाजला, की झाडावरचे बगळे उडाले.

साहेबांचा हात फाटकाच्या कडीकडे गेलेला. चेंडू कडीच्या वर बरोबर एक वीत लागला होता. माणसाला धक्का नाही.

ते पळायचे थांबले. हळूच वळले. पत्र्याला पडलेल्या पोच्याकडे बघितलं, मग त्या टाकीकडे.

"ती कोण?"

"ती होय?" मी धापा टाकत म्हटलं. "ती माझी नात. वानरं हाकलते."

हर्षू धावत आली. साहेबांच्या हातातली ती बंदूक बघितली आणि तिथेच खिळली. "आजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला, "आजी, हे व्यापारी नाहीत. हे खेळ बघायला आलेत."

'ख' मला तेव्हा ऐकू आला!

धरणीमाय, पोटात घे! मी तिचं वय अकरा सांगितलं होतं. तिला पावडर चारते म्हणाले होते. आणि सोमवारी कापायची धमकी दिली होती! मी ओच्यातून चेंडू काढून साहेबांच्या पुढे धरला. म्हटलं, "भाऊ, हा तिचाच. वय केळीचं. पावडर केळीची. कापायची तीही केळीच. पोरीनं काही केलं नाही. काट मारायची तर माझ्या नावावर मारा."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग वहीत बघितलं. मग त्या माणसाला जे हसू फुटलं! फाटकाला धरून खाली बसले. डोळे पुसत म्हणाले, "आजी, मी पोलिसांना फोन करणार होतो."

मग गोणपाटापुढे ती उभी राहिली. आणि इथे मला त्या माणसाचं कौतुक वाटलं, खरं सांगते. हर्षू फेकत होती, मी चेंडू बघत होते. साहेब चेंडू बघतच नव्हते! ते तिची मागची टाच बघत होते. मग खांदा. मग चेंडू सुटल्यावर तिची मान कुठे वळते ते. कच्चा व्यापारी घड बघतो. पक्का व्यापारी वाकून खोड बघतो, पानं मोजतो, बुडाशी माती कशी आहे ते चाचपतो. हा माणूस बुंधा बघणारा होता. मी मनात म्हटलं, धंदा कुठलाही असो, डोळा असा पाहिजे.

आणि पोर! भाकरीपुढे गप्प बसणारी ती ही नव्हेच. एक फेकला की गोणपाट मागे उडायचं, परत जागेवर यायच्या आत दुसरा. साहेबांनी बंदूक धरली. ती चेंडूचा वेग मोजायची निघाली; तिच्यावर आकडा आला. मला आकडा वाचता येत नाही, पण साहेबांचं तोंड वाचता आलं. त्यांनी वहीतलं ते दोन रेघांचं पान फाडलं, नवं पान काढलं आणि वर नाव लिहिलं.

जाताना टोपी घालत म्हणाले, "आजी, केळी पण चांगली दिसते आहे."

"उचलता का?" मी विचारलं. सवय हो, दुसरं काय!

ड्राफ्टच्या दिवशी हर्षू आणि तिचे आईबाप सरांबरोबर जळगावला गेलेले. मी घरी, फोन मांडीवर. दुपारी वाजला.

"आजी, पाटील बोलतोय. उचलली! पहिल्याच फेरीत!"

मी पुढचं ऐकलंच नाही. पेढे आणले, गल्लीत वाटले. बायका आल्या, कुणी माझी ओटी भरली, कुणी पायाच पडलं. मी सांगते आहे, पहिल्याच फेरीत! तेवढ्यात समोरून केळीची गाडी गेली. गच्च भरलेली. ड्रायव्हरनं हात हलवला. "आक्का, पहिली फेरी चालली! दुसरीला परत येतो!"

माझीच केळी! बागेत आज कापणी आहे हेच मी विसरले, फोन केळीच्या पाटलांचा होता!

बायकांनी पेढे परत दिले नाहीत. पण ज्या नजरेनं चावत होत्या, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

चार वाजता परत फोन. "आजी, पाटील बोलतोय. उचलली! चौथ्या फेरीत!"

एकदा तोंड पोळलेली मी. अगदी कोरड्या आवाजात म्हटलं, "कळलं. वजन किती भरलं?"

पलीकडे त्यांनी कुणाला तरी विचारलं. मग, "छप्पन्न किलो, आजी."

"छप्पन्न? अख्खी बाग आणि छप्पन्न किलो? काट्यात खोट शे तुमच्या!"

"आजी, बागेचं नाही. हर्षालीचं."

आणि मागून माझ्या पोरीचं रडणं ऐकू आलं. रडत होती आणि हसत होती.

पेढे तर संपले होते, केळी गाडीत गेली होती. मग त्याच गल्लीत, त्याच बायकांना, मी चिमूट चिमूट साखर वाटली. असं आमच्या घराचं नशीब एकाच दिवशी दोनदा उघडलं, आणि मला दोन्हीदा उलटं कळलं.

संघात जायच्या आदल्या दिवशी हर्षूनं पाटी आणली. म्हणाली, "आजी, मी नसताना घोटाळा नको. दोन अक्षरं शीक. केळीचा क, खेळाचा ख." रोज गिरवते. क जमलाय. पण तो ख! खरं सांगू? त्या ख कडे कितीही निरखून बघितलं, तरी मला अजून लटकलेला केळीचा घडच दिसतो.