कापसातली हार्डडिस्क

आमच्याकडे फुटणारी वस्तू कापसात खुपसून ठेवायची पद्धत आहे. बरण्या, बांगड्या, अंडी, सगळं मागच्या खोलीत विकेपर्यंत साठवलेल्या शेतातल्या कापसाच्या ढिगात. घर रंगवायला काढलं तेव्हा नवऱ्याने हार्डडिस्कही तिथेच ठेवली, पिशवीत न घालता, तशीच उघडी. वर मलाच ऐकवलं, "यापेक्षा नरम जागा अख्ख्या मारेगावात नाही."

रंग वाळल्यावर डिस्क काढली, तर वायर खोचायच्या भोकात कापूस गच्च बसलेला. तो त्याने टाचणीने उकरला आणि आतली पट्टी वाकवून ठेवली. मग वायर जोडली तरी डिस्कचा लाइट लागेना.

त्या डिस्कमध्ये सासूबाईंचा आवाज होता. गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी त्यांच्याकडूनच शिकायच्या. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, मोबाइल भरला म्हणून डिस्कवर टाकली. पुढे त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. आता त्या डाव्या हाताने खुणा करतात, नाहीतर नुसत्या बघत बसतात. ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती.

"खोलून पाहू," नवरा म्हणाला. तो शाळेत विज्ञान शिकवतो. वस्तू बंद पडली याचं त्याला दुःख कमी, आत काय आहे याचा हुरूप जास्त.

"यवतमाळले नेऊ ना एखाद्या दुकानात."

"तेही खोलतीनच. तू काहून घाबरून राह्यली?"

त्याने फटीत सुरी घातली. कटकन आवाज झाला आणि मला वाटलं, संपलं. पण तुटलं होतं ते नुसतं प्लास्टिकचं कवच. आत आणखी एक बंद डबी होती, चपटी, चंदेरी, आकाराच्या मानाने जड. तिच्या टोकाला बोटाएवढी हिरवी पट्टी, आणि ते बिघडलेलं भोक त्या पट्टीवर. पट्टी ओढून काढली तर मागे डबीचे स्वतःचे दात निघाले. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या आतली वायर त्यांना थेट बसेल, असं तो म्हणाला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात त्याची नजर डबीच्या झाकणावर गेली. "आत आरशासारखी तबकडी असते. एकदा पाहून तर घेऊ."

वर पंखा गरगरत होता. दारातून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. त्या दिवसांत ते आमच्या भातातही सापडायचे. तबकडीवर धुळीचा एक कण बसला तरी खेळ खलास, हे मला यानेच कधीतरी सांगितलेलं. मी त्याचं मनगट धरलं.

"तुमच्या मायचा आवाज आहे त्यात. हात नका लावू त्याले."

त्याने तरी स्क्रूड्रायव्हर टेकवलाच. पण ते स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते, त्याचा बसेना. ज्याने कोणी ते बनवले त्याचं भलं होवो.

जुन्या कॉम्प्युटरची बाजू उघडून डबी जोडली. बराच वेळ काही दिसेना. मग पडद्यावर फोल्डर आलं आणि मी घाईघाईने पहिलंच गाणं लावलं.

सासूबाई तिथेच खाटेवर बसल्या होत्या. खोलीत त्यांचा आवाज भरला, बारीक, चढा, मध्ये खोकला, मग माझं "पुन्हा म्हणा ना." मी हसत त्यांच्याकडे पाहिलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. दुसरं गाणं सुरू झालं तसा त्यांनी डावा हात उचलला आणि जोरजोरात हलवला. बंद कर. मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

नवऱ्याने गाणं बंद केलं. दिवसभर मी त्या आवाजासाठी जीव मुठीत धरून बसले होते आणि ज्यांचा तो आवाज, त्यांना काय वाटेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी खाटेवर बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला.