मधल्या खोलीतली खाट

जुनं घर भाड्याने घ्यायचं तर आधी ते बडवून बघावं. मालवणातलं ते दोन बिऱ्हाडांचं घर मी असंच बडवलं होतं. चिऱ्याच्या भिंतींवर मुठी मारल्या, वाशांत स्क्रू ड्रायव्हर खुपसून वाळवी शोधली, खिडक्यांचे गज दोन्ही हातांनी हिसडले. न्हाणीघरात तीन बादल्या ओतून पाणी तुंबतं का ते पाहिलं. घराने सगळा मार नीट सोसला.

माझी बदली झाली तेव्हा आईच्या खुब्यात सळी घालून बाराच दिवस झाले होते. दीड महिना तिला धक्का लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सळी सरकली तर या वयात पुन्हा ऑपरेशन नाही, म्हणजे पुन्हा चालणंही नाही. मला जिना नसलेलं घर हवं होतं. अंथरुणावरची म्हातारी म्हटल्यावर चार मालकांनी तोंड फिरवलं.

हा पाचवा मात्र खूश झाला. घर दोघा भावांचं, मधोमध भिंत. धाकटा बायकोबरोबर पलीकडच्या भागात राहायचा. थोरला, म्हणजे माझा मालक, बाजाराजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये.

"आवशीक मधल्या खोलयेत ठेवा. मोठी आसा, वारो येता," तो आईसाठी खोली दाखवत म्हणाला.

त्या खोलीच्या छताला चार लोखंडी आकडे होते. मी फोंड्याकडची, आकडे कशाचे ते मला कळतं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळांनी लगडलेली लाकडी चौकट टांगतात, ती माटवी. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली आणि शेतं वाटली, तरी गणपती एकच राहतो, आणि तो जुन्या जागेवरच बसतो. सगळ्यांनी तिथे जमायचं.

"गणपती खंय बसता?" मी विचारलं.

"भावाकडे. आता तेच्याच भागात बसता."

मी मान डोलावली. भिंतीतल्या दाराला पाच नवे खिळे ठोकलेले होते, तेही पाहिले, आणि दार पक्कं आहे म्हणून समाधान मानलं. पलीकडे जाऊन एकदा विचारायला दोन मिनिटं लागली असती.

आईची खाट तिथेच लागली. श्रावण संपता संपता, एका रविवारी सकाळी, त्या दारावर धाकट्याची थाप पडली.

"उघडा गो बाये. गणपतीची भिंत रंगवची आसा. आठ दिवसांवर चवथ इली."

"गणपती तुमच्याकडे बसतो ना?"

पलीकडून, "कोणी सांगल्यान?"

मी सांगितलं, आणि वर मालकाला फोन केला. हा दुसरा मूर्खपणा. तो दहा मिनिटांत आला, हातात नांगराचा जुना दांडा घेऊन, आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

पहारीचा पहिला घाव त्याच्या खांद्याशेजारून आत आला. लाकडाची सालपटं आईच्या पांघरुणावर उडाली. दुसऱ्या घावाला खिळे चिरकले, थोरला बाजूला उडाला आणि तिसऱ्याला दार चौकटीसकट आत कोसळलं. एक फळी खाटेच्या पायावर आदळली आणि आई किंचाळली.

धाकट्याने आत पाऊल टाकलं तोच थोरल्याने दांडा हाणला. पहार पडली, धाकट्याची दोन बोटं उलट्या बाजूला वळली. त्याने चांगल्या हाताने भावाची मान धरली आणि तोंड भिंतीवर आपटलं. दोनदा. माझ्या पायाशी दात पडला.

"मेल्या, म्हातारेक हाडून निजयलंस हय! दुखणायतीक कोण हलवचो नाय म्हणान!"

"भाडेकरू आसा ती," थोरला रक्त थुंकत म्हणाला. "हात लावन तर बघ."

तेव्हा मला कळलं. त्याला भाडेकरू नको होती, भावाचा गणपती तिथे बसू नये म्हणून खोली अडवायला न हलणारं माणूस हवं होतं. माझी आई त्याने त्या दाराला सहावा खिळा म्हणून ठोकली होती.

दोघे झोंबत खाटेवर आले. खाट हातभर सरकली. आईचा चेहरा पांढरा पडला. भिंतीशी तिचा वॉकर होता, तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि धाकट्याच्या कानावर घातला, मग थोरल्याच्या पाठीत. तो वाकला, तसा आणखी एकदा. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"भायर जावन मरा रे," आई दात आवळून म्हणाली. "चादर कालच धुतलेली आसा."

मोडलेल्या दारातून धाकट्याची बायको आली. तिने नवऱ्याला कॉलर धरून ओढलं आणि मला म्हणाली, "आवशीक आमच्याकडे हाडा. पलीकडे जागा आसा."

मी नाही म्हटलं. त्या घरात कुठेही ठेवली असती तरी आई कोणाची तरी खुंटीच झाली असती. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

स्ट्रेचर निघालं तेव्हा थोरला उंबऱ्यात आडवा उभा राहिला, तोंडाला टॉवेल लावून. "चवथ होयपर्यंत ऱ्हवा. मगे खंय व्हया थंय जावा."

"बाजूला व्हा," मी म्हटलं. तो झाला नाही. मी त्याच्या नडगीवर चप्पल मारली. तो खाली बसला आणि आम्ही त्याला ओलांडून गेलो.

एक्स-रेत सळी जागेवर होती. आईला चार दिवस वॉर्डात ठेवून मी पुन्हा घरं बघायला लागले. भिंती बडवल्याच, पण आधी शेजारच्या दारात जाऊन सगळं विचारलं. मग नव्या मालकाला.

"आई अजून दोन-तीन आठवडे खाटेवरून उठणार नाही. ते तुम्हाला अडचणीचं आहे की सोयीचं?"

तो गोंधळला, चिडलाही. "अडचणीचाच. सोयीचा कसा आसतला?"

ती खोली मी घेतली.