मांडीवरचा वाघ

आता ही फजिती कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा पाजलाय तुम्ही, तर ऐका. हसा, पण जरा हळू.

इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावापासून थोडं लांब डोनाचं छोटंसं प्राण्यांचं पार्क आहे. सत्तरीची डोना, दोन म्हातारे वाघ आणि खेळण्यांचं दुकान, एवढाच पसारा. पूर्वी लोक तिथे वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायचे, त्यावर पार्क चालायचं. मग कायदा आला. पिल्लाला हात लावायचा नाही, वाघ लांबूनच बघायचा! कायदा मोडला तर वाघ गेले, पार्कही गेलं.

गेल्या दिवाळीत मी तिथला एक फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. शालीत गुंडाळलेलं पिल्लू, माझ्या मांडीवर! वर लिहिलं, "ओळख लागते!" नागपूरच्या काकांनी तो मोठा करून भिंतीवर लावला, अख्ख्या कॉलनीला दाखवला.

आणि यंदा काकाच आले. एअरपोर्टवर पहिलं वाक्य, "अबे, पिल्लू कुठाय?"

"काका, आता कायदा कडक झालाय."

"अन् तुझी ओळख?"

बोला आता!

गेलो पार्कात. पिंजऱ्यापाशी एक टोपीवाला काहीतरी तपासत होता. वाटलं, डोनाकडे कामाला असेल. याला विचारू, हा नाही म्हणेल, खापर याच्या डोक्यावर! काय डोकं चालवलं होतं मी!

ऐटीत म्हणालो, "डोना आमच्या घरचीच. गेल्या दिवाळीत पिल्लू दिलं होतं मांडीवर. आज काकांना द्या."

काकांनी लगेच मोबाइलवरचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने शांतपणे ओळखपत्र काढलं. सरकारी इन्स्पेक्टर!

आवाज ऐकून डोना धावत आली. "माझ्याकडे पिल्लूच नाही!"

"मग हे कुठून आलं?"

ती एकदा वाघांकडे बघायची, एकदा माझ्याकडे. आणि काका? छाती फुगवून उभे! मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं.

"सर, ते खेळणं आहे," मी पुटपुटलो.

"काय?"

"टॉय! हिच्याच दुकानातलं!"

टॉय म्हणजे काय, ते काकांना चांगलंच कळलं.

इन्स्पेक्टरने दुकानात जाऊन फळीवरचा वाघ फोटोशी ताडून पाहिला. मिशीसुद्धा जुळली. तो पोट धरून हसला. डोना मात्र बाकावर बसून डोळे पुसत राहिली. मी सॉरी म्हणालो, तिने वरही बघितलं नाही. खरंच सांगतो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गाडीत काका मोबाइलवर तोच फोटो मोठा करून बघत बसले. नोव्हाय आलं तरी बघतच होते.

शेवटी मीच म्हणालो, "काका, तो भिंतीवरचा फोटो काढून टाका हो."

"कायले? वाघ चांगला आलाय," काका म्हणाले. "तुले तेवढं कापून टाकतो."