मशीन खरं बोललं होतं

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्ही माझे कोण? — म्हणूनच जमलं तर जमेल.

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात एसटीडीची पिवळी पाटी नुकतीच लागली होती, तेव्हाची गोष्ट. थोरल्या भावाचं, दादाचं, डोकं सारखं दुखायचं. मेंदूत गाठ निघाली. पुण्यात नवं मशीन आलं होतं — कापाकापी न करता, नुसत्या चित्रावरून गाठ किती जोरात वाढेल ते सांगणारं. दादाला घेऊन गेलो.

आमच्याकडे पेशंटला कुणी सांगत नाही. घरातल्या शिकलेल्याला आत बोलावतात. शिकलेला मी. डॉक्टरांनी चित्रातला लाल भाग दाखवला. इथं रक्त फार धावतंय, म्हणाले, गाठ झपाट्यानं वाढणार. जागा अशी, की ऑपरेशन नाही. जे उरकायचं ते आत्ता उरका.

दादा बाहेर बाकावर बसला होता. "खरं सांग रं," तो म्हणाला, "जलद वाढणारी हाय का? असंल तर कुसुमचं ह्याच वैशाखात उरकू. पोरीवर अक्षता टाकल्या की मी मोकळा."

"न्हाई दादा, लई सावकाश हाय. पुढल्या साली करू थाटात."

तुम्हाला वाटेल, माया — जीभ रेटली नसेल. तसं असतं तर! त्याच महिन्यात मी ग्रामपंचायतीला उभा होतो. मला गावात कोण विचारत होतं? मान होता तो दादाला. तो लग्नाच्या धावपळीत पडला असता, तर माझ्यासाठी दारोदार कोण फिरलं असतं? हे सगळं — लाज वाटते सांगायला — डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडता पडताच माझ्या डोक्यात आलं होतं.

दादा फिरला. डोक्याला उपरणं आवळून, भर उन्हात, भिंतीला हात लावत. मी निवडून आलो. गुलाल उधळला त्या दिवशी त्याला माझं नाव आठवेना. आषाढ संपायच्या आत तो गेला.

रिवाजाप्रमाणे कुसुमचं लग्न वर्षाच्या आत करावं लागलं. कन्यादानाला पाटावर मी बसलो.

रिपोर्ट इंग्रजीत होता, वाचणारा घरात मी एकटा. तो मी चुलीत घातला. वहिनी अजून म्हणते, "मेल्या मशीननं घात केला." — आणि मी? मी मान हलवतो.

कुसुम माहेरी आली की आधी माझ्या पाया पडते. मी पाय मागे घेत नाही.