चटणीला चालेल इतकं वजन

मिल्या सकाळी गेला. आणि शेवटी त्याचं वजन चटणीला चालेल इतकं झालं होतं.

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. घरात बसवत नाही. गच्चीत जातो, परत येतो, फोन उघडतो, बंद करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. चटणी म्हणजे आमची घोडी. माझी आणि मिलिंदची मिळून, बोरिवलीच्या तबेल्यात. मारवाडी, अंगाने लहान, डोक्याने तिखट.

आणि मिलिंद म्हणजे घाटकोपरचा आडदांड गडी. दारातून आधी पोट यायचं, मग तो.

त्याला एकच वेड. चटणीवर बसून एन्ड्युरन्स राईड करायची. लांबचा पल्ला, डोंगरातून, मध्ये मध्ये व्हेट घोडा तपासणार. लंगडला की बाहेर.

वर्षभर त्यानेच तिला तयार केलं. राईडच्या आठवड्यात कांदेबटाटेवाल्याच्या काट्यावर खोगीर कवटाळून उभा राहिला.

"शेठ, गोणी कुठाय?" दुकानदार.

"मीच गोणी."

मी हसलो. तो नाही हसला.

"घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा, खोगीर धरून, त्याहून जास्त पाठीवर नको. त्यात तिचा पुढचा पाय कच्चा, म्हणजे त्याहून कमीच. तू बस."

"वेडा झालास काय? व्हेट चालेल म्हणालाय ना."

"व्हेटच्या पाठीवर बसायचंय का मला?"

मी बसलो. राईड पूर्ण केली. शेवटच्या तपासणीला चटणी न लंगडता सरळ धावली आणि मिल्या दोरीपलीकडे ढसाढसा रडला. पुढच्या वर्षी बारीक होऊन येतो म्हणाला. वडापाव सोडला. आठवडाभर.

मग आजार आला आणि त्याने ते काम करून टाकलं.

हॉस्पिटलमध्ये रोज वजन करायचे. नर्सने आकडा सांगितला की हा माझ्याकडे बघायचा.

"काय रे, चालेल का आता?"

"चालेल," मी म्हणायचो.

खोटं. चटणीचा तो पाय पावसाळ्यातच कामातून गेला होता. कोणालाच बसवू नका, असं व्हेटने सांगितलं होतं. मी त्याला कळू दिलं नव्हतं.

परवा म्हणाला, "साल्या, चटणीचं विचारलं की डोळे का चोरतोस? पाय गेला ना तिचा?"

मी मान हलवली.

वाटलं, आता हा खचणार.

"बरं झालं कळलं. एक चक्कर मारू द्या म्हणून हट्ट करणार होतो मी. आणि तिने नेलं असतं रे मला, पाय ओढत."

आज खांदा दिला. काहीच वजन नव्हतं, यार. राग आला मला. कोणाचा, ते कळत नाहीये.

तिथून तबेल्यात गेलो. चटणी माझ्या मागे बघत राहिली, अजून कोणी येतंय का म्हणून.

तुझं खोगीर घरी आणलंय, मिल्या. तिच्यावर कोणी बसणार नाही. मीपण नाही. रोज नुसतं हाताने फिरवीन तिला.

जा आता निवांत. जय भीम, मित्रा.